दारातल्या गटाराचा धर्मपिता

दुपारच्या शांततेत ‘डुबुक’ असा आवाज झाला.

आवाज तसा लहानसाच. पण लिगायाच्या घरात शांतता ही मोठ्या कष्टानं रचलेली गोष्ट होती. तान्हं बाळ झोळीत नुकतंच निजलेलं. रात्रपाळी करून आलेला नवरा, दिंदो, तोंडावर टॉवेल घेऊन आडवा. पंखा मान वळवताना कुरकुरतो म्हणून त्याचं तोंड दोरीनं एकाच दिशेला बांधून टाकलेलं. आणि स्वतः लिगाया जमिनीवर बसून सकाळची कॉफी पीत होती. सकाळची म्हणजे खरोखरच सकाळी केलेली.

ती कप ठेवून दाराकडे धावली. उंबऱ्यापलीकडे तिची पाच वर्षांची मुलगी, मायुमी, एका पायात चप्पल घालून गटारात वाकून पाहत उभी होती.

“आई, चप्पल गेली,” मायुमी म्हणाली. मग आईचा चेहरा पाहून समजूत घातल्यासारखी पुढे म्हणाली, “मी नाही गेले.”

लिगाया उंबऱ्यावर मटकन बसली आणि दुसरी चप्पल जाऊ नये म्हणून, किंवा असंच, तिनं लेकीचा पाय घट्ट धरून ठेवला.

गल्लीच्या कडेनं फरशीखालून मोठं गटार जात होतं, आणि ते साफ करायला ठेवलेलं चौकोनी तोंड बरोबर यांच्या दारात आलं होतं. त्यावर लोखंडी जाळी होती. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत एके सकाळी ती नाहीशी झाली. “या देशाच्या पायाभूत सुविधा पाहायच्या असतील तर भंगारवाल्याकडे जावं,” असं दिंदो म्हणाला आणि त्यानं त्यावर एक फळी टाकली. फळीचा एक फायदा झाला. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली ती ‘कर्र’ करायची, त्यामुळे दारावरची बंद पडलेली घंटा दुरुस्त करायची गरज उरली नाही. आता फळी कुजून एका बाजूनं खाली गेली होती.

कोरड्या दिवसांचं काही नव्हतं. खड्डा दिसतो, माणूस वळसा घालतो. पण पावसाळा तोंडावर आला होता. मनिलाच्या या बाजूला दोन तास पाऊस लागला की गल्ली काठोकाठ भरते, आणि मग गढूळ पाण्याखाली रस्ता कोणता नि खड्डा कोणता हे देवालाही सांगता येत नाही. आणि मायुमीला साचलेल्या पाण्यात उड्या मारायचं वेड होतं.

“झाकण बसवायचं,” लिगायानं ठरवलं. एवढंसं काम. आजवर ज्यांनी ज्यांनी म्हणून हे दोन शब्द उच्चारले, त्यांचं काय झालं याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा उच्चारले जातात.

लिगाया सरकारी शाळेत सहावीला नागरिकशास्त्र शिकवायची. सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती. दरवर्षी पहिल्या आठवड्यात ती फळ्यावर लिहायची, ‘सार्वजनिक सेवा हा नागरिकाचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.’ परीक्षेत हे वाक्य लिहिलं की पूर्ण गुण मिळत. शाळेच्या फाटकाबाहेर त्याला किती गुण मिळतात, हे पाहायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

बाळाला छातीशी बांधून, मायुमीचं बोट धरून ती वस्तीच्या कार्यालयात गेली. भिंतीवर कप्तानांचा, म्हणजे वस्तीनं निवडून दिलेल्या प्रमुखांचा, हसरा फोटो होता. कार्यालयाबाहेर होता, जिन्यात होता, पाणी पिण्याच्या यंत्रावर होता, आणि लोकांना बसायला ठेवलेल्या खुर्च्यांच्या पाठीवरही होता. त्यामुळे कप्तान स्वतः कधी जागेवर नसले तरी कुणाला त्यांची उणीव भासत नसे. टेबलामागे वस्तीच्या मंडळाचे एक सदस्य शेवया खात बसले होते. त्यांनी घास न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

“बाई, खड्डा आहे आमच्या हद्दीत,” ते म्हणाले. “पण गटार शहराचं.”

“मग मी शहराच्या कचेरीत जाऊ?”

“जा की. पण ते म्हणतील, वरचा रस्ता राष्ट्रीय खात्यानं केलाय. रस्ता राष्ट्राचा.”

“आणि त्यात मूल पडलं तर?”

सदस्यांनी शेवया गिळल्या. माणूस मनानं वाईट नव्हता, खूप विचार करून बोलला. “मूल तुमचं, बाई.”

लिगाया शहराच्या कचेरीत गेली. तिथले लोक अगदी तेच म्हणाले, आणि आपल्या सरकारी यंत्रणेत परस्पर समन्वय नाही असं ती वर्गात शिकवत आली, ते चूक होतं हे तिला कळलं. राष्ट्राकडे जायचं तर दोन बस बदलाव्या लागत, आणि बाळाला दर तासाला दूध लागे. राष्ट्र राहून गेलं.

गल्लीच्या कोपऱ्यावर पुरिंगकाकूंचं दुकान. तारेच्या जाळीमागे काकू, त्यांच्याभोवती तोरणासारख्या लटकणाऱ्या शांपूच्या पुड्या, आणि दुकानासमोर एक लाकडी बाकडं. हे बाकडं म्हणजे गल्लीचं सेनेट. खऱ्या सेनेटला निदान सुट्ट्या असतात. इथले कायमचे सभासद म्हणजे तीनचाकीवाला मेल्चोर. त्याची तीनचाकी अर्धा रस्ता अडवून उभी असायची आणि तो तिच्याकडे पाठ करून देशाला शिस्त कशी नाही यावर बोलायचा.

“बाई, या देशाला पाहिजे कडक हात,” मेल्चोर म्हणाला. “सिंगापूर बघा. थुंकला की दंड!” आणि तो थुंकला.

“मागच्या वेळी कडकच हाताला मत दिलंत ना तुम्ही?” लिगायानं विचारलं.

“दिलं की. जिंकणाराच होता तो. हरणाऱ्याला मत देऊन वाया कशाला घालवायचं?”

“अरे पण ते सगळे चोर आहेत असं म्हणत होतास ना सकाळी?” जाळीमागून पुरिंगकाकू.

“चोर तर आहेतच! पण हा आपला चोर आहे, काकू. माझा बाप गेला तेव्हा पुष्पचक्र पाठवलं होतं त्यानं. एवढं मोठं. बापापेक्षा मोठं.”

लिगायाला वर्गातला धडा आठवला: या देशात राजेशाही नाही. खरंच नव्हती. फक्त आडनावं होती. आजोबा, मग मुलगा, मग मुलाची बायको, आणि त्यांचा नातू अजून बाळ असला तरी त्याच्या वाढदिवसाचे फलक चौकात लागतच होते.

“झाकण स्वतःच करून टाक गं, लिगाया,” काकू म्हणाल्या. “सरकारची वाट बघशील तर मायुमीची नातवंडं पडतील त्यात.”

हे दिंदोला पटलं. त्याच्या सुट्टीच्या दिवशी सिमेंट आलं, वाळू आली. ओळखीचा गवंडी आला, आणि गवंड्याला सल्ला द्यायला अर्धी गल्ली आली. काम करणारा एक आणि बिअर पिणारे बाकीचे, अशा ठरलेल्या पद्धतीनं संध्याकाळपर्यंत जाडजूड लादी तयार झाली. ओल्या सिमेंटवर मायुमीनं हळूच आपला पंजा उमटवला. “म्हणजे कुणी नेलं तर कळेल आपलं आहे,” ती म्हणाली. लिगायाला उगाचच भरून आलं. बाळंतपणानंतर तिला कशानंही भरून यायचं, पण हे खरं होतं.

वाळलेली लादी बसली, आणि पुढच्याच आठवड्यात गल्लीत ट्रक शिरला. वरून हुकूम आला होता: रस्त्यावरची सगळी अतिक्रमणं हटवा. शिट्टी वाजवत माणसं उतरली. त्यांनी लिगायाच्या फुलझाडांच्या कुंड्या उचलल्या, सेनेटचं बाकडं उचललं आणि पहारी लावून लादी उपटली.

“अहो, ते गटाराचं झाकण आहे!” लिगाया ओरडली. तिच्या कडेवर बाळ, बाळाच्या तोंडात तिच्या झग्याची कॉलर.

“परवानगी नसलेलं बांधकाम आहे ते. रस्त्यातली अडचण,” साहेब म्हणाले.

“आणि हा खड्डा? ही अडचण नाही?”

साहेबांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं. “खड्डा तर मोकळाच आहे, बाई,” ते म्हणाले.

मायुमीचा पंजा ट्रकमध्ये चढून निघून गेला. अर्धा रस्ता अडवून उभ्या असलेल्या मेल्चोरच्या तीनचाकीला वळसा घालताना ट्रकला जरा त्रास झाला, पण ड्रायव्हरनं सांभाळून घेतलं.

“तुमच्या गाडीला हात नाही लावला त्यांनी?” लिगायानं विचारलं.

मेल्चोरनं मान खाली घातली. तो इतका ओशाळलेला तिनं कधी पाहिला नव्हता. “कप्तान माझ्या धाकट्याचे निनोंग आहेत, बाई.”

निनोंग म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हाती धरणारा धर्मपिता. एकदा निनोंग झाला की तो तुमचा, आणि तुम्ही त्याचे. नाताळला मुलाला भेट द्यायची ती त्यानं, अडीअडचणीला उभं राहायचं ते त्यानं. कायद्यातून वाट निघत नाही तेव्हा ती निनोंगातून निघते, आणि ही गोष्ट लिगायाच्या पाठ्यपुस्तकात कुठेच नव्हती.

जाळीमागून पुरिंगकाकू तिच्या कडेवरच्या बाळाकडे पाहत होत्या. बाजारात भोपळा पारखतात तशी ती नजर होती.

“याचा बाप्तिस्मा व्हायचाय ना गं अजून?”

“काकू, नाही हं.”

“मी कुठे काय म्हटलं?”

“मी मुलांना काय शिकवते ते माहितीये ना तुम्हाला? पोराला पुढे करून झाकण मागायचं? तोंड कुठे दाखवू?”

“तोंडाचं बघ नंतर,” काकू शांतपणे म्हणाल्या. “आधी पायाखालचं बघ.”

लिगाया घरी आली. तिनं फणकाऱ्यानं खड्ड्यावर जुनी प्लास्टिकची खुर्ची उलटी ठेवली आणि तिच्या पायाला लाल फडकं बांधलं. नागरिकाचा स्वाभिमान फडकत राहिला.

चार दिवसांनी दुपारी आभाळ फुटलं. बघता बघता गल्ली भरली. लिगाया बाळाचे कपडे आत घेत होती. तिनं खिडकीतून पाहिलं तर उलटी खुर्ची, लाल फडक्यासकट, डौलात तरंगत मेल्चोरच्या घराकडे निघाली होती. दारासमोर नुसतं सपाट, तपकिरी, निरागस पाणी. आणि उंबऱ्यावर मायुमी, फ्रॉक गुडघ्यावर धरून, उडी मारायच्या तयारीत.

लिगायानं तिला मागून उचललं. बराच वेळ ती लेकीला पोटाशी धरून भिंतीला टेकून बसली. मायुमीनं आईच्या केसांतून हात फिरवला. “थंडी वाजते का, आई?” तिनं विचारलं.

त्या संध्याकाळी दिंदो कामावर निघताना लिगाया म्हणाली, “कप्तानांकडे जाऊन येऊ उद्या.”

दिंदोनं बुटाची नाडी बांधता बांधता वर पाहिलं. चांगला नवरा होता. फक्त म्हणाला, “शर्ट इस्त्री करून ठेवतो.”

कप्तान एपिफानियो गोल, घामेजलेले आणि अत्यंत प्रेमळ गृहस्थ होते. लिगायाला वाटलं होतं, आढेवेढे घेतील. त्यांनी वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. “होणार! आनंदानं होणार! नाव काय ठेवताय?”

नाव ठरलं होतं. लिगायाच्या वडिलांचं ठेवायचं होतं. पण कप्तान इतक्या आशेनं पाहत होते, आणि त्यांच्या मागच्या भिंतीवरचे सगळे फोटोही त्याच आशेनं पाहत होते, की दिंदोच्या तोंडून निघून गेलं, “अजून नक्की नाही.”

अशा रीतीनं मुठीएवढ्या बाळाला एपिफानियो हे नाव मिळालं. ते नाव उचलायला पुढे त्याला मिशा फुटेपर्यंत थांबावं लागणार होतं.

मग एकातून एक निघत गेलं. कप्तान निनोंग म्हटल्यावर सदस्यांना वगळता येईना. सदस्य म्हटल्यावर त्यांच्या बायका. ‘एवढे लोक येणार आणि नुसत्या शेवया?’ असं काकूंनी विचारलं, म्हणून अख्खं डुक्कर भाजायला सांगावं लागलं. कप्तानांनी प्रेमानं फलक पाठवला. त्यावर डोंगराएवढे कप्तान हात जोडून हसत होते आणि खालच्या कोपऱ्यात लिंबाएवढं बाळ होतं. मायुमीनं फलक निरखून पाहिला. “बाप्तिस्मा कुणाचा आहे?” तिनं विचारलं.

चर्चमध्ये कप्तान आले ते पाणी घालून झाल्यावर. पाद्रीबाबांना सवय होती, त्यांनी छायाचित्रासाठी पुन्हा एकदा थोडं पाणी घातलं. बाळानं गेला तासभर चर्च डोक्यावर घेतलं होतं. लिगायानं दमून ते कप्तानांच्या हातात दिलं आणि मनात म्हणाली, रड, माझ्या राजा, आता खुशाल रड. बाळानं एक जांभई दिली, कप्तानांच्या गुबगुबीत खांद्यावर गाल टेकला आणि ते गाढ झोपी गेलं. कप्तानांनी अगदी हलक्या हातानं त्याचं टोपडं नीट केलं. एवढी मुलं खांद्यावर घेतलेला माणूस, त्याला ती कला येणारच. लिगायाला सगळं सहन झालं, पण कप्तानांचा राग येईना, हे मात्र तिला सहन झालं नाही.

“आता तुम्ही माझ्या कुमारे झालात, बाई, माझ्या धर्मपुत्राची आई,” कप्तान निघताना म्हणाले. “घरचं माणूस. काही लागलं तर सांगायचं.”

“एक झाकण,” लिगाया म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तिचा तिलाच ऐकू आला नाही. पण कप्तानांना अशा आवाजांची सवय होती.

झाकण आलं. पत्रा उत्तम होता, जाडजूड. त्यावर पिवळ्या रंगात कप्तानांचं नाव होतं, आणि नावाखाली त्यांचा चेहरा आणि पुढे केलेला उजवा हात रंगवला होता. फीत कापायला अख्खं मंडळ आलं. जेवणाच्या टेबलाएवढ्याही नसलेल्या त्या झाकणाभोवती सगळे मावेनात, म्हणून फोटोत मावतील एवढे मागे लिगायाच्या उंबऱ्यावर चढले. “बाईंनी दोन शब्द बोलावेत,” असं कुणीतरी म्हणालं. लिगायानं तोंड उघडलं. हक्क, मेहेरबानी, सगळं जिभेवर होतं. समोर मेल्चोर उभा होता, काकू उभ्या होत्या, आणि तिच्या शाळेतले दोन विद्यार्थीही उभे होते.

“आभारी आहे,” ती म्हणाली. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात मायुमी पुढे आली. निनोंग दिसला की त्याचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायचा असतो, हे तिला आईनंच शिकवलेलं. ती गुडघे टेकून बसली आणि तिनं पत्र्यावर रंगवलेल्या हाताला कपाळ लावलं. कप्तानांच्या डोळ्यांत पाणी आलं.

झाकणाचा उपयोग किती झाला, हा प्रश्नच आहे. कप्तानांच्या चेहऱ्यावर पाय देणं बरं दिसत नव्हतं, त्यामुळे सगळी गल्ली पूर्वी खड्डा ओलांडायची तशीच आता झाकण ओलांडू लागली. पण पाऊस आला, पाणी भरलं, मायुमी पाण्यात मनसोक्त नाचली, आणि लिगाया खिडकीत उभी राहून गरम असलेली कॉफी प्यायली. त्या एका कपासाठी आपण काय विकलं याचा हिशेब तिनं मांडला नाही. कॉफी फार छान होती.

मग निवडणूक आली. सेनेट नव्या बाकड्यावर बसलं. कप्तानांच्या विरोधात त्यांचीच भावजय उभी होती.

“बाई, बदल पाहिजे, बदल,” मेल्चोर म्हणाला.

“अहो, ते तुमच्या धाकट्याचे निनोंग ना?”

“माणूस देवच आहे. पण हरणार आहे, बाई.”

लिगायानं मत कुणाला दिलं ते तिनं दिंदोलाही सांगितलं नाही. बोटाची शाई मात्र तिनं बराच वेळ घासली. कप्तान हरले. आडनाव जिंकलं.

नव्या कप्तानबाईंनी आल्या आल्या फर्मान काढलं: सार्वजनिक वस्तूंवर कुणाही पुढाऱ्याचं नाव, चेहरा नको. जनतेचा पैसा, जनतेची वस्तू. लिगायानं ते काकूंच्या दुकानावर चिकटवलेलं वाचलं आणि तिच्या अंगावर काटा आला. हे तर तिचंच वाक्य! तिनं ते दोनदा वाचलं. मेल्चोरला वाचून दाखवलं. किती वर्षांनी कुणीतरी बरोबर उत्तर लिहिलं होतं!

“काकू, बघा! होतं कधीतरी!”

“होतं, होतं,” काकू शांपूच्या पुड्या झटकत म्हणाल्या. “तू घरी जा बघू आधी.”

ती वळली. गल्लीच्या टोकाला ट्रक उभा होता. तिच्या दारातून दोन माणसं पिवळं झाकण उचलून नेत होती.

“अहो! नाव खरवडा ना नुसतं! झाकण कशाला नेता?”

“खरवडायलाच नेतोय, बाई. कोरं करून आणून देतो.”

“कधी?”

माणसानं ट्रककडे पाहिलं. ट्रकमध्ये अशी पुष्कळ झाकणं, खुर्च्या आणि पाट्या होत्या, आणि त्या सगळ्यांवरून कप्तान एपिफानियो हात पुढे करून हसत होते. “नंबरानं,” तो म्हणाला.

कायदा अखेर अमलात आला, आणि तो तिच्या दारातूनच सुरू झाला. तक्रार करायची तर कुणाविरुद्ध? स्वतःच्या फळ्याविरुद्ध?

लिगाया उंबऱ्यावर बसली. बाळ एपिफानियो तिच्या मांडीवर पाय झाडत होतं, त्याला नुकताच एक दात आला होता. पश्चिमेला ढग जमत होते. मायुमी शेजारी येऊन बसली आणि दोघी त्या चौकोनी अंधारात पाहत राहिल्या.

‘डुबुक’. बाळाचा खुळखुळा.

मायुमीनं खड्ड्याकडे पाहिलं, मग बाळाकडे, मग कोपऱ्यावर नव्यानं लागलेल्या कप्तानबाईंच्या हसऱ्या फलकाकडे. बराच विचार केला. शेवटी तिनं हलकेच आईच्या पोटावर हात ठेवला.

“आई,” ती म्हणाली, “आता झाकणासाठी अजून एक बाळ आणायचं का?”